इचोड्यातला समुद्र

समोरच्या खोलीतली काचेची पेटी विकायची आहे का, असं विचारायला अजून लोक येतात. एकजण निजामाबादहून आला होता, हॉटेलात ठेवणार म्हणे, आत बदकं सोडणार. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. पेटी बैलगाडीएवढी आहे, जाड काचेची, आणि आता कोरडी पडली आहे. खोलीत शिरलं की अजून खारा वास येतो. ती विकायची नाही. काऊन नाही, हे येईल त्याला सांगत बसलो तं दुकान कधी उघडू?

दुकान मोटारी भरायचं आहे, बापापासूनचं. शेतातल्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी आतली जुनी तांब्याची तार उपसतो आणि नवी भरतो. हैदराबाद-नागपूर रोडवर इचोड्यात बसलो आहे, बाजूला धाबा, समोर ट्रकांची रांग. बोटांना तांब्याचा वास कायमचा. सणाच्या दिवशी पुरणपोळीलाही तोच वास येतो, साबणाच्या बापाच्यानं निघत नाही.

बायको कोकणातली होती. मालवणच्या बाजूची, दारातून समुद्र दिसायचा असं घर. तिचे मामा आदिलाबादला बँकेत होते, त्यांच्याकडे सुटीत आली आणि आमची सोयरीक जुळली. गावात सगळे म्हणत, ही पोरगी एक उन्हाळा काढणार नाही. तिनं पंचवीसावर काढले. आजूबाजूच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, तेलुगू शिकली आणि माझी भाषा अर्धी सुधारली. मी ‘काम करून राह्यलो’ म्हटलं की म्हणायची, राहा हो, निवांत राहा, कोण उठवतंय तुम्हाला. मूलबाळ झालं नाही. घरात आम्ही तिघंच, ती, मी आणि माझी आई. समुद्राचं नाव ती फारसं काढायची नाही. फक्त इथल्या तळ्यातला मासा ताटात आला की नाक मुरडायची, चिखल खाल्ल्यासारखं वाटतं म्हणायची.

मग तिच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड आदिलाबादच्या दवाखान्यात जायचं, मशीनला रक्त लावायचं, आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या कपड्यासारखं घरी यायचं. माझी किडनी चालत नव्हती, मला शुगर. आईची वयामुळं नाही. तिच्या भावानं फोन उचलणं सोडलं, त्याला काय बोलणार! तिला मीठ बंद झालं आणि पाणी मापून आलं. दिवसभराचं पाणी एका स्टीलच्या तांब्यात भरून ठेवायचं, त्यातच भागवायचं. मे महिन्यात आमच्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आणि ही बाई घोटभर पाणी तोंडात धरून बसायची, गिळायला नको म्हणून.

एकदाच म्हणाली, समुद्र बघायचा होता एकदा. मी तिकडच्या दवाखान्यात मशीनची सोय लावली, तिकिटं काढली. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या फुप्फुसात पाणी भरलं. डॉक्टरनं सांगितलं, हृदय थकलं आहे, एवढा प्रवास आता डोक्यातून काढून टाका. कपाटातून काढलेली पिशवी तिनं पुन्हा कपाटात ठेवली, तेवढंच.

माझं डोकं फिरलं. लोक म्हणतात ते खरंच आहे, फिरलंच. मला दुसरं काही येत नाही, पण पाणी कसं फिरवायचं हे येतं. मी ठरवलं, ही समुद्राकडे जाऊ शकत नाही तं समुद्र इथं आणायचा. ती आहे तोवर तो जिवंत ठेवायचा. हसणाऱ्याला हसू द्या.

हैदराबादला खाऱ्या पाण्याचे मासे आणि पोवळी विकणारा एक दुकानदार गाठला. पोवळी म्हणजे जिवंत, काचेच्या टाक्यांत वाढवलेले तुकडे, दगडावर चिकटवून देतात. त्यानं माझे हात पाहिले आणि धंदा विचारला. मी सांगितलं तसा मागे सरकला. म्हणाला, “भाई, ताँबा इनका ज़हर है.” तांब्याचा अंश जरी पाण्यात गेला तरी पोवळी, शंख, झिंगे काही वाचणार नाही. मासे तग धरतील एखादवेळी, बाकी सगळं साफ. अर्धं आयुष्य तांब्यात घातलेल्या माणसानं हा नाद करावा का, असंही म्हणाला. मी म्हटलं, करणार.

काच घरात शिरेना म्हणून समोरची भिंत फोडली. आईनं तेव्हा जे तोंड सोडलं ते अख्ख्या आळीनं ऐकलं. बापाची भिंत पाडली, आता छप्परही काढ म्हणाली. लोखंडी घडवंची केली, पेटी वर चढवली, आणि तपासायला साधं पाणी भरलं तेव्हा एका कोपऱ्याचा जोड सुटला. सगळं पाणी दारातून रस्त्यावर. शेजारच्या किराणावाल्याची तुरीची पोती भिजली, त्याची डाळ मी वर्षभर खाल्ली. बायको मात्र त्या दिवशी पलंगावर बसून इतकी हसली की मला राग धरता आला नाही. म्हणाली, भरती आली हो इचोड्याला.

जोड पुन्हा भरला. बोअरचं पाणी जड, ते चालेना म्हणून गाळायचं मशीन बसवलं. समुद्री मिठाची पोती बसनं आणली. गावातले शहाणे सांगायला यायचे की मीठच पाहिजे तं आमच्याकडून न्या, एवढं लांबून काऊन आणता. आणि एवढं करून मासा टाकता येत नाही. दगड टाकून पाणी मुरू द्यावं लागतं, लोणच्यासारखं. मुरता मुरता त्यावर तपकिरी घाण चढली, मग हिरवं शेवाळ, इतकं की आई म्हणाली, म्हशीचा डोह बरा. मी खरवडत राहिलो. उन्हाळ्यात पाणी तापून पहिले शंख मेले, मग पाणी थंड करायचं यंत्र आणलं. वादळात करंट गेला, बॅटरी बसली, तेव्हा मी आणि आई बादलीनं पाणी उपसून वरून सोडत राहिलो, आत हवा जावी म्हणून. ती पलंगावरून म्हणत होती, राहू द्या, जीव द्याल दोघं. आईचा विरोध त्या दिवशी संपला. हात दुखले की माणूस त्या गोष्टीचा होतो.

तांब्याची मी इतकी धास्ती घेतली की दुकानातून आलो की मागच्या दारानं न्हाणीत जायचं, अंगावरचे कपडे तिथंच काढायचे, कोपरापर्यंत हात घासायचे, मगच समोरच्या खोलीत पाय. बायाबापड्या पाहायला यायच्या. तेलुगू बायका ‘समुद्रम्’ म्हणून हात जोडायच्या, कोणी हळदकुंकू टाकायला बघायची, कोणी पैसा. बासरच्या पुलावर गोदावरीत पैसा टाकतात तसा. मी खेकसायचो. पेटीवर झाकण घातलं, दारात दोरी बांधली, दोरीच्या आत कोणी नाही. माजोरी झाला म्हणाले मला. म्हणोत.

आणि मग तो समुद्र लागला. जांभळी, हिरवी पोवळी फुलायला लागली. दोन नारंगी मासे आले, एक लाल पट्ट्याचा झिंगा, तारामासा. बायकोचा पलंग मी पेटीसमोर आणला. मशीनवरून आली की ती आडवी व्हायची आणि बघत राहायची. पहिल्याच दिवशी म्हणाली की मासा तळायला बरा आहे, जरा हाडकुळा आहे. लाट करायची मोटार मी लावली होती, ती ऐकून तिनं मान हलवली. लाट अशी येत नाही, आधी ओढून घेते, मग देते, असं म्हणाली. हात हलवून दाखवायची, मी मोटारीची वेळ मागेपुढे करायचो. नाही. नाही. हं, जरा उशिरा. कितीतरी दिवस असंच. एका दुपारी तिनं डोळे मिटले आणि हात खाली ठेवला. मी ओळखलं, जमली. माझ्या हातून आयुष्यात शेकडो मोटारी सुरू झाल्या असतील, पण तशी एकही नाही.

कधीकधी ती काचेच्या खालच्या कडेवर बोट फिरवायची. तिथं ओघळून वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ असायची. बोट ओठांपर्यंत न्यायची आणि माझ्याकडे बघायची. मी डोळे वटारायचो. मग ती बोट पदराला पुसायची.

आई आता रोज तिच्यासोबत बसायची. आईनंही समुद्र कधी पाहिला नव्हता. हा मोठा केवढा असतो, असं विचारायची, आणि सून सांगायची की इथून वांकिडीपर्यंत आणि तिथून पुढं, आणि तिथून पुढं. आई म्हणायची, थांब वो माय, मले गरगरते.

मग बायकोची तब्येत ढासळायला लागली. मशीनला जोडायची हातातली नस बंद पडली, गळ्यातून नळी घातली, त्यातून ताप. दवाखान्यात दिवसेंदिवस राहावं लागलं. मी तिच्यापाशी, घरी आई एकटी. पेटीला चारा टाकायचं, पाणी बघायचं काम मी आईला शिकवून ठेवलं होतं. एकदा बायकोला घेऊन परत आलो तं खोलीत शिरताच समजलं, काहीतरी बिनसलं आहे. पोवळी मिटलेली. शंख काचेवरून सुटून खाली उपडे पडलेले. झिंगा दिसेना. तारामाशाची एक भुजा गळून वाळूत पडली होती.

पाणी बदललं. पुन्हा बदललं. मीठ मोजलं, गारवा मोजला, सगळं बरोबर. पोवळ्यांचं मांस चिंध्यांसारखं सुटत होतं आणि खालचा पांढरा सापळा उघडा पडत होता. ती पलंगावरून बघत होती, मी तिच्याकडे बघत नव्हतो. हैदराबादेहून तांबं तपासायची बाटली मागवली, बसच्या ड्रायव्हरच्या हाती आली. पेटीतल्या घोटभर पाण्यात थेंब टाकले आणि त्याचा रंग पालटला, तांबं होतं.

मला वाटलं, मीच. माझे हात, माझा घाम, माझ्या केसांतला दुकानाचा भुगा. दुकानाला कुलूप लावलं. शेतकरी मोटारी घेऊन दारात, पिकं वाळत आहेत म्हणून बोंबलत, आणि मी आत बसून विटेच्या तुकड्यानं नखं घासतो आहे. कातडं सोलून रक्त आलं. तरी रोज पाण्याचा रंग पालटायचाच, उलट गडद. मग हे कुठून तरी येतंच राहतं आहे, एवढं डोक्यात शिरलं. मी दगड एकेक करून बाहेर काढायला लागलो.

मागच्या कोपऱ्यात, सगळ्यात मोठ्या दगडाच्या आड, काशीचा गडू सापडला.

आमच्या घरात हा गडू माझ्या लहानपणापासून देवघरात होता. मुठीएवढा तांब्याचा गडू, तोंडाला डाग देऊन पक्का बंद केलेला, आत गंगेचं पाणी. आईच्या सासऱ्यानं काशीहून आणलेला. मरताना तोंडात दोन थेंब पडावेत म्हणून तो ठेवायचा असतो. बाप अपघातात गेला, त्याच्या वेळी तो फोडताच आला नाही, म्हणून आईनं तो स्वतःसाठी राखून ठेवला होता. दर दिवाळीला चिंचेनं घासायची आणि आम्हाला बजावायची, माह्या वक्ताले इसरू नका. आता त्याचं तोंड फोडलेलं होतं आणि अंगावर हिरवा गंज चढला होता.

मी तो हातात धरून उभा राहिलो. माझ्या तोंडाला काय काय आलं ते लिहीत नाही. आई दारात होती. मी विचारायच्या आधी तिनंच सांगितलं, अगदी साधं, भाजी कुठून आणली हे सांगावं तसं.

“नदी शेवटी कोठी जाते बापू? समींदरालेच भेटते ना. मंग माही गंगा मी त्याले देल्ली. म्हनलं, माह्या तोंडात नाई पडली तं नाई, माह्या सुनेले राहू दे.”

आणि दान दिलेल्या पाण्याचं भांडं माघारी घेत नसतात, म्हणून गडूही आतच सोडला. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा, पहाटे अंघोळ करून, ओल्या लुगड्यानं, स्टुलावर चढून. दोरी बाहेरच्यांसाठी होती, घरच्यांसाठी नव्हती. तांब्याचं मी तिला कधी बोललोच नव्हतो, कारण आई दुकानात येत नव्हती. मला वाटायचं, या घरात तांबं म्हणजे मीच.

मी तोंड उघडलं. पलंगावरून ती म्हणाली, “त्यांना तांब्याचं सांगू नका. तुम्हाला माझी शपथ आहे.”

आवाज इतका बारीक होता की आईला ऐकू गेला नाही. मग तिनं आईला जवळ बोलावलं आणि सांगितलं की समुद्रानं घेतली तुमची गंगा. आई तिच्या पायाशी बसली आणि रडली, सुटल्यासारखी. मी गडू घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि तिथं उकिरड्याजवळ बराच वेळ नुसता उभा राहिलो. असा राग यावा आणि तो ठेवायला जागाच असू नये, हे कोणाच्या वाट्याला येऊ नये.

हैदराबादवाल्याला फोन केला. त्यानं सांगितलं की दगड तांबं पिऊन बसतात आणि पुढं सोडत राहतात. सगळं फेका, धुवा, पहिल्यापासून मुरवा. पहिल्यापासून मुरवायला किती दिवस लागतात हे मला माहीत होतं, आणि तिच्याकडे तेवढे नव्हते, हेही माहीत होतं. मी दगड पुन्हा आत ठेवले. पाणी फिरतं ठेवलं, लाटेची मोटार चालू ठेवली. दोन नारंगी मासे तेवढे वाचले होते. पोवळी पांढरीफटक पडली, हाडांसारखी. आई कौतुकानं बघायची. गंगेनं कसं धुऊन काढलं सारं, म्हणायची, आधी काय रंगीबेरंगी कचरा होता. मी मान डोलवायचो. दात एकमेकांवर दाबून मान डोलवायचो. बायको मला म्हणायची की ओहोटीला खडक असेच दिसतात, आमच्याकडे. खोटं बोलत होती. तिच्याकडचे खडक काळे असतात, तिनंच मागं सांगितलं होतं.

एक दिवस दवाखान्यानं तिला घरी न्या म्हणून सांगितलं. मशीनला लावलं की रक्तदाब पडत होता, त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. आणलं. पलंग पेटीला लागून केला. श्वास लागत होता, ओठ सालपटले होते, आता पाणी मापायचं कारण नव्हतं तरी घोट उतरत नव्हता. मी कापूस भिजवून ओठांवर फिरवायचो.

त्या दुपारी तिचा श्वास बदलला. आईनं असे श्वास पाहिलेले आहेत, ती लगेच उठली आणि देवघराकडे गेली. मला आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग आवाज थांबला. गडूच्या जागी कुंकवाचं गोल कडं तेवढं होतं, गडू सापडल्यापासून मी रोज बघायचो. ती विसरली असावी, सवयीनं गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हातात संध्येची पळी होती. माझ्याकडे न बघता ती स्टुलाकडे गेली आणि म्हणाली, “सारी गंगा याच्यातच तं हाये.”

मी तिला दंडाला धरून वर चढवलं. तिनं पळी बुडवली, भरली, आणि एक थेंब न सांडता पलंगापर्यंत आणली. सुनेच्या ओठांत सोडली. इतक्या वर्षांत तिच्या जिभेला मीठ लागलं नव्हतं. तिचा चेहरा आधी आक्रसला. मग जीभ ओठांवरून फिरली, एकदा, दोनदा.

“खारट,” ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.

आई पुन्हा स्टुलावर चढली. पळी तांब्याची होती. याच पाण्यात तांबं जाऊ नये म्हणून मी दुकानाला कुलूप लावलं होतं, हातांची सालटी काढली होती. मी आईचा हात धरला नाही. तिला नीट बुडवता यावी म्हणून पेटीचं झाकण मीच वर धरून उभा होतो.